अनुदान सरल्यानंतर : संस्थांच्या चालू खर्चाचा विचार

दुकान कसे चालवावे हे आमच्या व्यापारी बांधवांस सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि त्याची गरजही नाही. भांडवल कशास म्हणावे, चालू खर्च कशास म्हणावे आणि एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर पेढी उभारणाऱ्याची पुढे काय गत होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी गादीवर बसू लागल्यापासून पाहिलेले असते. आश्चर्य वाटते ते याचे, की हेच व्यवहारकुशल गृहस्थ एखाद्या वसतिगृहाचे किंवा दवाखान्याचे विश्वस्त झाले, म्हणजे हे सारे शहाणपण पादत्राणांबरोबर दाराबाहेर ठेवून सभेस बसतात. तीन वर्षांचे अनुदान मंजूर होते, उद्घाटन होते, हारतुरे होतात. आणि चौथ्या वर्षीचे पगार कोठून द्यावयाचे हा प्रश्न प्रथम निघतो तो चौथे वर्ष उजाडल्यावर.

हा प्रश्न केवळ हिशोबाचा असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. जे कार्य निघालेच नाही त्यावर कोणी विसंबलेले नसते. परंतु जे निघून मध्येच बंद पडते ते विसंबलेल्या माणसांस उघड्यावर टाकते. आठवीत असताना खेड्यातून वसतिगृहात आणलेला मुलगा दहावीच्या आधी घरी परत पाठविला, तर त्याचे शिक्षण बहुधा तेथेच संपते. दर आठवड्यास दारी येणाऱ्या दवाखान्याच्या भरवशावर ज्या वृद्धेने तालुक्याच्या गावी जाणे सोडले, तिचे औषध गाडी थांबताच थांबते. म्हणून अनुदान स्वीकारताना ते संपल्यानंतरची व्यवस्था ठरविणे हा विश्वस्तांच्या कर्तव्याचाच भाग होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अनुदानाचे खरे स्वरूप

अनुदान संपते यात दात्याचा दोष नसतो. ते संपण्यासाठीच दिलेले असते. आज पुष्कळ संस्थांस कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून, म्हणजे व्यवहारात ज्यास सीएसआर म्हणतात त्यातून, साह्य मिळते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. ही तरतूद समाजास उपकारक झाली आहे. पण तिच्या दोन अटी विश्वस्तांनी नीट समजून घ्याव्यात. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत, आरंभीचे आर्थिक वर्ष सोडून, तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. शिवाय त्याच वर्षापासून हा निधी कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. म्हणजे ज्या पैशाने कार्य सुरू होते त्याच पैशाची ठेव करून पुढे व्याजावर चालावे, हा मार्ग येथे बंद आहे. याखेरीज कंपनीचा नफा घटला की तिचे बंधनही त्या मानाने घटते. तेव्हा नूतनीकरण होईलच असे गृहीत धरणे म्हणजे दुसऱ्याच्या ताळेबंदावर आपले अंदाजपत्रक मांडणे होय.

यावरून एकच गोष्ट निष्पन्न होते. अनुदानास उत्पन्न न समजता भांडवल समजले पाहिजे. भांडवलाचे काम पुढील मिळकतीची सोय करणे हे असते. अनुदानाच्या काळात संस्थेने जी सेवा केली तिच्याइतकेच महत्त्व, त्या काळात तिने आपल्या पुढील उत्पन्नाचे कोणते झरे खणले यास आहे. असे झरे कोणते, हे पाहण्यास फार दूर जावयास नको.

उलाढालीवरचा लहानसा भार

मुंबईची पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद हे तिचे प्रमुख प्रवर्तक, म्हणजे एक पारशी आणि एक जैन. आरंभीच्या देणग्यांवर थांबून चालणार नाही हे या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. जनावर रोज खाते आणि देणगी एकदाच येते. म्हणून व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लहानसा आकार बसवून घेतला. गुजराती पेढ्यांत यास ‘लागो’ म्हणत. या योजनेतील मर्म असे, की भार प्रत्येक व्यवहारावर इतका अल्प असतो की तो कोणास जाणवत नाही, आणि व्यवहार रोज होत असल्यामुळे उत्पन्न रोज येते. जुन्या पेठांत बिलावर ‘धर्मादाय’ म्हणून जी रक्कम आकारली जाई व आजही काही ठिकाणी आकारली जाते, ती याच परंपरेतील होय.

या रकमेविषयी कायद्याची भूमिका व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७८ मध्ये एका सूतगिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की गिऱ्हाइकाकडून रूढीप्रमाणे धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम आरंभापासूनच दानाच्या बंधनाने बांधलेली असते. ती व्यापाऱ्याची व्यापारी मिळकत नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० यातही अशी रक्कम गोळा करणारा तिचा विश्वस्त ठरतो आणि तिचा हिशोब देणे त्याच्यावर बंधनकारक होते. तात्पर्य, धर्मादायाचे खाते स्वतंत्र असावे व वर्षअखेर त्यात शिल्लक पडून राहू नये. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने बिलावर ती कशी दाखवावी, आणि कर्नाटक, गोमंतक, मध्य प्रदेश, गुजरात किंवा तेलंगण येथील कायदा काय सांगतो, हे स्थानिक कर-सल्लागारास विचारून घ्यावे. बिलावर काही न लिहिता आपल्या पेढीच्या विक्रीतून ठराविक अंश दरमहा काढणेही शक्य आहे व ते अधिक सुटसुटीत आहे.

ध्रौव्य फंड आणि महागाई

आपल्या संस्थांत कायम निधीस ‘ध्रौव्य फंड’ म्हणण्याची पद्धत आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तत्त्वज्ञानातील त्रयीतून हा शब्द हिशोबाच्या वहीत आला, आणि तो समर्पक आहे. जमा होते, खर्च होतो, तरी काही टिकून राहावे. मात्र केवळ आकडा टिकला म्हणजे निधी टिकला, ही समजूत भ्रामक आहे. समजा, एखाद्या भोजनशाळेत कोणी पन्नास वर्षांपूर्वी २५१ रुपये देऊन कायम तिथी घेतली. सात टक्क्यांनी त्याचे व्याज वर्षास सुमारे साडेसतरा रुपये होते. त्या काळी त्यात पंगत उठली असेल. आज एका पानाचाही खर्च भागत नाही. मुद्दल शाबूत आहे, नावाची पाटी शाबूत आहे, तिथी मात्र संस्थेच्या पदरचे पैसे घालून साजरी होते.

यास उपाय सोपा पण कठोर आहे. १० लाखांच्या निधीवर ७ टक्क्यांनी ७०,००० रुपये व्याज आले आणि महागाई ५ टक्के असली, तर ५०,००० रुपये पुन्हा मुद्दलात टाकले पाहिजेत. खर्चास उरतात २०,०००. हा हिशोब ऐकून पुष्कळांचा विरस होतो, पण निधी पिढ्यान्‌पिढ्या चालावा असे वाटत असेल तर दुसरा मार्ग नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. धर्मादाय संस्थेने आपल्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावयाचा असतो व १५ टक्क्यांपर्यंत शिल्लक विनाअट राखता येते. तेव्हा मुद्दलात परत घालावयाची रक्कम या मर्यादेत बसविली पाहिजे. दुसरे असे, की देणगी कायम निधीसाठी आहे हे दात्याने लेखी कळविलेले असले पाहिजे आणि ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत वेगळी ठेवलेली असली पाहिजे. तोंडी आश्वासन येथे उपयोगी पडत नाही.

एवढ्यावरून ध्यानात येईल की केवळ व्याजावर एखादे मोठे कार्य चालविणे हे फारच थोड्या संस्थांस परवडणारे आहे. ध्रौव्य फंड हा आधार असावा; संपूर्ण भार त्याच्यावर टाकू नये.

रयतेच्या मुठीतील धान्य

मोठ्या अनुदानाविना, आणि प्रसंगी अनुदान थांबल्यावरही, संस्था कशी जगते याचे आपल्या जवळचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे होय. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव काही काळ कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले. अशा वसतिगृहांच्या मागे १८९९ साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेसारख्या संस्थांची खटपट आणि मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्यांचे औदार्य होते. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. आरंभी खर्च भागविण्यास त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु दागिने एकदाच विकता येतात, हे भाऊराव जाणत होते.

त्यांनी जी व्यवस्था लावली तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य जमविले जाई. ज्या घरात रोख रुपया नसे त्या घरातही मूठभर ज्वारी असे. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, बांधकामावर हात लावीत. १९४० मध्ये साताऱ्यास निघालेल्या विद्यालयास बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचे नाव दिले गेले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, आणि तेथे ‘कमवा व शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणातही आणले गेले. १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. पुढे ते पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात संस्था मोडली नाही, कारण तिची मुळे सरकारी खजिन्यात नसून हजारो घरांच्या उंबऱ्यात होती. एका घरची मूठ बंद झाली तर संस्थेस कळतही नसे.

मूठभर धान्याचा दुसरा लाभ रुपयांत मोजता येत नाही. जो माणूस दर आठवड्यास मूठ देतो तो संस्थेची विचारपूस करतो, आपला मुलगा तेथे पाठवितो, आणि संकटात तिच्यामागे उभा राहतो. एकदा मोठी देणगी देऊन मोकळा झालेला दाता असे करीलच याचा भरवसा नसतो.

ज्यास परवडते त्याने द्यावे

सेवा फुकट असेल तरच ती सेवा, असा एक समज आपल्यात रूढ आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तो खोटा ठरविला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केले. ज्यांस शक्य आहे त्यांच्याकडून शुल्क घ्यावयाचे आणि त्यातून गरिबांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य किंवा अल्प खर्चात करावयाच्या, ही त्यांची पद्धत. शस्त्रक्रियेचा दर्जा दोघांस एकच. फरक तो खोली-खाटेचा. पुढे मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवावयाचे भिंग परदेशातून आणणे फार महाग पडू लागले, तेव्हा १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना उभारला गेला. त्याच्या उभारणीस अमेरिकेतील सेवा फाउंडेशनचे साह्य झाले होते. ते साह्य भिंगे विकत घेण्यात खर्च झाले असते तर काही वर्षांत संपून गेले असते. ते भिंगे करण्याच्या विद्येवर व यंत्रांवर लागले, म्हणून आजही फळ देत आहे. अनुदानास भांडवल समजणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हिशोबाचा एक नमुना

आता हे सारे एका काल्पनिक उदाहरणात मांडून पाहू. एखाद्या संघाने तीन वर्षांचे ३० लाखांचे अनुदान घेऊन फिरता दवाखाना सुरू केला. गाडी १२ लाखांची. पगार, औषधे व इंधन मिळून वर्षास ६ लाख. तीन वर्षांत हिशोब बरोबर बसतो व सर्वांस समाधान वाटते. परंतु गाडी आठ वर्षांनी बदलावी लागणार. तिचा घसारा वर्षास दीड लाख. तो कोणी धरलेलाच नसतो. म्हणजे चौथ्या वर्षापासून खरी गरज साडेसात लाखांची आहे. गाडी वर्षातून २०० दिवस फिरत असेल तर एका दिवसाचा खर्च ३,७५० रुपये पडतो.

ही रक्कम कशी उभी राहील ते पाहा. दिवसास ४० रुग्ण धरले तर वर्षास ८,००० होतात. प्रत्येकाकडून २० रुपये घेतले तर १ लाख ६० हजार जमतात. ज्यास तेही शक्य नाही त्यास सूट असावी. तिची भरपाई थोडे अधिक देऊ शकणाऱ्यांकडून होते. १५० पेढ्यांनी दरमहा २०० रुपये दिले तर ३ लाख ६० हजार. विवाहाचा वाढदिवस किंवा वडिलांची पुण्यतिथी अशा निमित्ताने ४० कुटुंबांनी गाडीचा एकेक दिवस घेतला तर दीड लाख. हे दिवस दरवर्षी त्या वर्षीच्या खर्चाने घ्यावयाचे, म्हणजे वर सांगितलेला कायम तिथीचा दोष येथे राहत नाही. २० लाखांच्या ध्रौव्य फंडाचे व्याज १ लाख ४० हजार. त्यातील १ लाख मुद्दलात टाकून ४० हजार खर्चास. ज्या गावी गाडी जाते तेथील मंडळींनी जागा, वीज व एक मदतनीस दिला तर आणखी ४० हजारांचा खर्च वाचतो. एकूण साडेसात लाख.

यात सर्वांत मोठी रक्कम पेढ्यांची आहे, पण ती दीडशे हातांतून येते. पंधरा पेढ्यांनी वर्गणी थांबविली तरी ३६,००० रुपयांचीच तूट पडते. तेवढ्याने गाडी उभी राहत नाही. एकाच दात्याने साडेसात लाख दिले असते आणि त्याने हात आखडता घेतला असता, तर गाडी त्याच महिन्यात थांबली असती.

मात्र हे सारे चौथ्या वर्षी एकदम होत नाही. ध्रौव्य फंडासाठी लेखी सूचनेसह देणग्या पहिल्याच वर्षापासून, उद्घाटनाचा उत्साह ताजा असताना, मागाव्या. मासिक वर्गणी दुसऱ्या वर्षी ५० पेढ्यांकडून व तिसऱ्या वर्षी १०० पेढ्यांकडून सुरू करावी. तीतून कायद्याच्या मर्यादेत शिल्लक राखून सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी करावी. रुग्णांचे नाममात्र शुल्क तर पहिल्या दिवसापासूनच घ्यावे. तीन वर्षे फुकट दिलेल्या वस्तूस चौथ्या वर्षी मोल लावणे लोकांस अन्याय वाटते.

सोपविणे आणि थांबविणे

प्रत्येक कार्य आपल्याच हाती राहिले पाहिजे असे नाही. रयत शिक्षण संस्थेने लहान लहान गावांत पाचशेंहून अधिक व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालविल्या. पुढे त्या सरकारी शाळा मंडळाच्या ताब्यात गेल्या. जे काम सरकारचे किंवा स्थानिक संस्थेचे आहे ते करून दाखवावे, त्याची घडी बसवावी आणि मग योग्य हातांत द्यावे, यात कमीपणा नाही. फक्त हे बोलणे पहिल्या वर्षीच सुरू व्हावे आणि जे ठरेल ते लेखी असावे.

आणि काही कार्ये थांबवावीच लागतात. तीही रीतीने थांबविता येतात. नवे विद्यार्थी घेणे आधी बंद करावे, असलेल्या मुलांचा अभ्यासक्रम पुरा होईपर्यंतचा खर्च बाजूस काढून ठेवावा, नोकरांस वेळेवर सूचना व देणी द्यावीत, उरलेले सामान तशाच कामाच्या संस्थेस द्यावे. दिवाळे काढणारा आणि देणी चुकवून दुकान आवरते घेणारा यांत पेठ जो भेद करते, तोच भेद येथेही केला पाहिजे.

शेवटी आमच्या सभासद बंधू-भगिनींस एक विनंती. कोनशिलेवर नाव कोरण्यासाठी दाते मिळतात. विजेच्या देयकासाठी, स्वयंपाकिणीच्या पगारासाठी मिळत नाहीत. तेव्हा यापुढे जेव्हा एखाद्या संस्थेचे पत्र आपल्या पेढीवर येईल, तेव्हा इमारत केवढी आहे हे विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : चालू खर्च वर्षास किती, त्यातील सर्वांत मोठ्या दात्याचा वाटा किती, आणि हे अनुदान ज्या महिन्यात संपेल त्याच्या पुढील महिन्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार. उत्तरे समाधानकारक असतील तर जमेल तेवढी रक्कम दरमहा द्यावी, आणि ती नेमाने द्यावी. ज्या सभेत आपण स्वतः विश्वस्त म्हणून बसतो, तेथे हेच प्रश्न नव्या अनुदानाच्या ठरावावर सही करण्यापूर्वी विचारावेत व त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.